पितळेवरची जुनी चाल: तुतारीपासून बँडपर्यंत

पितळी वाद्यांच्या पंचकात दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्युबा असतो. हा संच पाश्चात्त्य संगीतातला असला, तरी तिथेही तो फार जुना नाही. रशियन अभियंता व्हिक्टर एवाल्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पितळी पंचकासाठी रचना केल्या. मैफलीचा स्थिर प्रकार म्हणून मात्र तो दुसऱ्या महायुद्धानंतर रुजला. न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट 1954 मध्ये आणि कॅनेडियन ब्रास 1970 मध्ये सुरू झाले. या पाच वाद्यांसाठी जुने साहित्य थोडे असल्यामुळे वादकांनी जुन्या चाली नव्याने बांधायला घेतल्या. त्यातूनच एखादी चाल घेऊन वेगवेगळ्या शतकांनी तिचे काय केले, ते ओळीने ऐकवणारा कार्यक्रम रूढ झाला.

अशा कार्यक्रमांना युरोपात विषयांची ददात नाही. पंधराव्या शतकातले ‘लोम आर्मे’ म्हणजे सशस्त्र माणसाचे गाणे. त्याच्यावर ड्युफाय, ऑकेगेम, जोस्कँ, पॅलेस्ट्रिना अशा रचनाकारांनी चाळीसहून अधिक प्रार्थनासंगीते बांधली. ‘फोलिया’ हे मुळात आयबेरियातले नृत्यसंगीत. कोरेलीने ते 1700 मध्ये व्हायोलिनवर खुलवले आणि राख्मानिनोव्हने 1931 मध्ये पियानोवर. चर्चमधली अंत्यविधीची चाल ‘डिएस इरे’ बर्लिओझने 1830 च्या आपल्या सिंफनीत खर्जातल्या पितळी वाद्यांना दिली. तेव्हापासून ती घंटेच्या टोल्यांसह मृत्यूची खूण होऊन बसली आहे.

महाराष्ट्रात पितळी वाद्यांचे घर रस्ता आहे. सभागृहात बसून पंचक ऐकण्याची सवय इथे नाही, पण पितळी वाद्यावर वाजणारी ओळखीची चाल न ऐकता मोठा झालेला माणूस विदर्भातल्या वाशीम, रिसोड किंवा कारंजा या गावांत शोधूनही सापडणार नाही. तेव्हा इथे प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो: पितळी वाद्य चाल कधीपासून वाजवू लागले, कुठल्या चाली त्याच्यावर टिकल्या आणि टिकताना त्यांचे काय झाले?

याचे पहिले उत्तर नळीत आहे. भोके किंवा कळा नसलेल्या धातूच्या नळीत ओठ थरथरवून फुंकर घातली की ठरावीक स्वरच निघतात. सर्वांत खालचा सा धरला तर त्यावर वरचा सा, मग प, मग पुन्हा सा, ग, प, नेहमीच्या कोमल निषादाहून जरा उतरलेला एक स्वर आणि पुन्हा सा. रे आणि ग शेजारी शेजारी यायला इथून पुढे जावे लागते, आणि तिथे ओठ, दम व नशीब तिन्हींची परीक्षा होते. शुद्ध मध्यम तर नीट लागतच नाही. युरोपातल्या बारोक काळातील ट्रम्पेटवादक याच वरच्या टोकाला चाली वाजवत. त्यासाठी आयुष्यभराची तालीम लागे. शिंग, तुतारी, कर्णा यांच्या वादकांनी तो मार्ग धरला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती, कारण त्यांचे काम वर्दी देण्याचे होते. देव निघाला, राजा आला, पालखी वळली, वऱ्हाड वेशीवर पोचले, हे सांगायला सा आणि प पुरतात.

हा भेद फार जुना आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे मोठे काम झाले. सोळाव्या लेण्यातला लेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती बासरी, अवनद्ध वाद्ये आणि झांजा दिसतात. महालातल्या त्या नाजूक मेळात शिंगाला जागा नाही. याउलट सांचीच्या उत्तर तोरणावर उघड्यावर वाजवणाऱ्यांच्या तोंडी वळलेली शिंगे स्पष्ट कोरलेली आहेत. आतले वाद्य आणि बाहेरचे वाद्य अशी वाटणी तेव्हापासूनची आहे.

देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या (1210–1247) आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात सुषिर वाद्यांमध्ये वंश, पाव, मुरली यांच्या जोडीला काहल, शृंग आणि शंख आहेत. धातूच्या काहलेचे तोंड धोतऱ्याच्या फुलासारखे असते असे तो सांगतो, आणि आजच्या तुतारीकडे पाहिले तर त्या वर्णनात बदल करण्याजोगे फारसे काही नाही. महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. बासरीवर स्वर कसे काढावेत, बोटे कुठे ठेवावीत, कोणत्या लांबीचा वंश कोणता स्वर देतो, याची शार्ङ्गदेवाने पानेच्या पाने भरली. शृंग-काहलांना मोजके श्लोक दिले. रागसंगीताच्या शास्त्राने पितळेकडे पाठ फिरवली ती इथेच, आणि नंतरची सहा शतके ती फिरलेलीच राहिली. चालीचे काम सनईने केले, आणि तिच्यासमोर तुतारी केवळ ललकारीपुरती उरली. केशवसुतांनी 1893 मध्ये आपल्या कवितेसाठी तुतारी मागितली तीही ललकारीसाठीच.

चित्र बदलले ते कळांमुळे. हाइनरिख श्टोल्त्सेल आणि फ्रिडरिख ब्ल्यूमेल यांनी 1818 मध्ये प्रशियात व्हॉल्व्हचे, म्हणजे कळेचे, पेटंट घेतले. युक्ती साधी आहे. मधली कळ दाबली की हवा थोड्या जास्त नळीतून फिरते आणि स्वर अर्ध्याने उतरतो. पहिली कळ एक स्वर उतरवते, तिसरी दीड. या तीन कळांच्या जुळण्यांतून उतरण्याच्या सहा पायऱ्या मिळतात. नैसर्गिक नळीत खालच्या सा आणि प यांच्या मध्ये नेमक्या सहाच जागा रिकाम्या असतात. म्हणजे पोकळी पूर्ण भरते. बर्लिनमध्ये 1835 मध्ये ट्युबा आला, पुढच्या दशकात आदोल्फ साक्सने सॅक्सहॉर्नांचे कुटुंब काढले, आणि वर्दी देणारे वाद्य गाऊ लागले. आज लग्नाच्या बँडमध्ये दिसणारा युफोनियम याच पिढीतला.

मराठी माणसांच्या इतिहासात पाश्चात्त्य बँडची पहिली मोठी नोंद महाराष्ट्राबाहेरची आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798–1832) यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य स्वरलिपीतली हस्तलिखिते आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे भूगोल सांगणारे मराठी नाटक याच राजाचे. एका दरबारात कुरवंजी, भरतनाट्य, व्हायोलिन आणि लष्करी बँड सुखाने नांदत होते. त्याच मुलखात, त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितर (1775–1835) यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत पदे बसवली. ‘नोट्टुस्वर’ नावाने ती ओळखली जातात आणि आजही मुलांना शिकवली जातात. त्यातले एक ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर आहे.

ही एकच चाल घेऊन पितळी पंचकाची अख्खी मैफल उभी राहील. ती 1740 च्या दशकात लंडनमध्ये छापली गेली. बेथोव्हेनने 1803 मध्ये तिच्यावर पियानोसाठी आवर्तने लिहिली. अमेरिकेत तिचे देशगीत झाले आणि सतरा वर्षांच्या चार्ल्स आइव्ह्जने 1891 मध्ये ऑर्गनसाठी तिची मिश्कील चिरफाड केली. ती रचना पुढे पितळी वाद्यांवर लोकप्रिय झाली. या मालिकेत दीक्षितरांचे पद बेथोव्हेनच्या बरोबरीने बसते, आणि बसवले पाहिजे. नोट्टुस्वर शंकराभरणात, म्हणजे हिंदुस्थानी पद्धतीच्या बिलावलाच्या स्वरांत आहेत, ही बाब इथे मोलाची. बँडच्या वाद्यांना जे सप्तक घरचे, तेच दीक्षितरांनी देवीच्या स्तुतीसाठी घेतले. पितळेने रागाकडे यावे, यापेक्षा रागाने पितळेकडे एक पाऊल टाकावे, असा हा व्यवहार होता.

विदर्भात पितळ आले ते छावण्यांच्या वाटेने. नागपूरजवळची कामठी ही 1821 पासूनची छावणी. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. वाशीमशेजारच्या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटणींचे बँड, त्यांच्याकडून संस्थानिकांचे बँड, मग पोलिसांचे आणि शेवटी लग्नाचे, असा हा प्रवास देशभर झाला. मेरठची नादिर अली कंपनी 1885 ची. एका बँडमास्तरानेच ती काढली, आणि आजही देशातल्या बँडवाल्यांची वाद्ये मोठ्या प्रमाणावर मेरठहून येतात. अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ ग्रेगरी बूथ यांचे ‘ब्रास बाजा’ (2005) हे लग्नाच्या बँडवरचे सर्वांत भक्कम काम. त्या तोडीचे मराठी पुस्तक असायला हवे होते, कारण पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतल्या प्रभात आणि दरबार या बँडपासून खानदेशातल्या गाड्यांवरच्या बँडपर्यंत सामग्री भरपूर आहे.

गोव्याची वाट निराळी. तिथे चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि वाद्य दोन्ही शिकवले जाई. म्हणून गोव्याचा वादक कागद वाचून वाजवतो, तर वऱ्हाडातला ऐकून. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पितळी वाद्ये मुख्यतः गोमंतकीयांनी वाजवली. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांनी सी. रामचंद्र यांना ‘अलबेला’त (1951) साथ दिली. तिथली गाणी रेडिओवरून वऱ्हाडातल्या क्लॅरिनेट आणि कॉर्नेटपर्यंत पोचली. म्हणजे गोव्यात कागदावर शिकलेले पितळ मुंबईमार्गे कानाने वाशीमला आले.

वाशीम जिल्ह्यातल्या बँड पार्टीचा संच देशातल्या इतर पार्ट्यांसारखाच: पुढे क्लॅरिनेट, कॉर्नेट किंवा ट्रम्पेट, मागे युफोनियम आणि ट्रॉम्बोन, साइड ड्रम, मोठा ढोल, झांज, आणि लाल-निळ्या गणवेशात खुळखुळा हलवत नाचणारा एकजण, ज्याला संगीतात फारसे काम नसते पण ज्याच्यावाचून वरात उठत नाही. लग्नसराईच्या तारखांची सुपारी महिनोन् महिने आधी घेतली जाते. काम तीन टप्प्यांत चालते. परण्या मारुतीच्या पाराकडे निघतो तेव्हा देवाची चाल, मंगलाष्टकांनंतर ‘बहारों फूल बरसाओ’, आणि वरातीत फर्माइशी. गणपतीत आरतीची चाल, पालखीपुढे भजनाची. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत बंजारा समाजाचा नंगारा वाजतो. त्याला चालीची गरज नाही, पण तिथे पोचणाऱ्या मिरवणुकांपुढे बँडही असतो.

या साऱ्या यादीत शतकांच्या कसोटीला उतरणारी खरी चाल आरतीची आहे. दोन ओळींत फिरणारी, चार-पाच स्वरांत मावणारी आणि समूहाला एका श्वासात घेता येणारी ही चाल कॉर्नेटवर जवळजवळ जशीच्या तशी बसते. झांजेचा ठेका आधीपासून असतोच. शास्त्रीय बंदिशीची गोष्ट उलटी. मींड, आंदोलन, कण यांवर जिचा प्राण, ती तीन कळांच्या वाद्यावर आली की सांगाडा उरतो. कसलेले वादक कळ अर्धी दाबून आणि ओठ सैल सोडून घसीट काढतात, पण ती अपवादाने. क्लॅरिनेट या बाबतीत सरस, म्हणून पार्टीचा मास्टर बहुधा क्लॅरिनेटवाला असतो आणि गायकीचे काम तोच करतो. पितळ त्याच्या मागून मुखडा उचलते.

तरीही सर्वांत बोधप्रद उदाहरण आरतीचे नव्हे, नागिणीचे आहे. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांनी गारुड्याच्या पुंगीचा भास निर्माण केला तो क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर. ते कल्याणजींनी वाजवले आणि हार्मोनियमवर रवी होते. गावोगाव पुंगीवर फिरणारी सुरावट अशा रीतीने यंत्रातून रेकॉर्डवर आणि रेकॉर्डवरून बँडवर आली. बँडच्या हातात ती निम्मी बदलली. पुंगीत एक सूर अखंड चालू असतो. तो बँडमध्ये युफोनियमकडे किंवा ढोलाच्या घुमाऱ्याकडे गेला. पुंगीचा थरथराट कॉर्नेटवाला दोन कळा भराभर उघडझाप करून काढतो. मूळ गाण्यात लहान असलेला तुकडा वरातीत वाढत वाढत जातो, कारण समोर तोंडात रुमाल धरून कुणीतरी जमिनीवर लोळत असते आणि तो उठेपर्यंत मुखडा सोडता येत नाही. इथे लय चढवणे, स्वर वर सरकवणे, मध्येच दुसऱ्या गाण्याची ओळ घालून पुन्हा मुखड्यावर येणे हे सारे होते. पाश्चात्त्य वादक ज्याला आवर्तने म्हणून कागदावर लिहितो, ते बँड मास्टर नाचणाऱ्याकडे पाहून करतो. शिष्टांनी या प्रकाराला नाक मुरडले. पण सत्तर वर्षे टिकून पिढ्यांनी बदलत नेलेली दुसरी वाद्यचाल या भागात दाखवणे अवघड आहे.

पितळेवर भारतीय चाल बसते की नाही, हा प्रश्न एकदा थेट संविधान सभेच्या दारात गेला. नायक होते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (1898–1974), भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. ‘वंदे मातरम्’ची एक चाल ठरलेली नव्हती. रवींद्रनाथांनी ते 1896 च्या कोलकाता काँग्रेसमध्ये गायले होते, पलुसकर काफीत गात, आणखी किती तरी चाली होत्या. स्वातंत्र्य आल्यावर राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला तेव्हा एक आक्षेप संगीताचा होता: या गीताची चाल बँडवर वाजवता येत नाही. 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत भारताचे गीत मागितले गेले आणि तिथल्या वाद्यवृंदाने ‘जन गण मन’ वाजवले. त्याचा परिणाम चांगला झाल्याचे पंडित नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 रोजी संविधान सभेत सांगितले.

कृष्णरावांनी आक्षेप वादाने खोडला नाही, वाजवून खोडायचे ठरवले. त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली. निवड नेमकी होती. झिंझोटीचे चलन सरळ, स्वर बँडच्या आवाक्यातले, आणि हजारो माणसांना एकत्र गाता येईल इतकी ती ओळखीची. कोमल-तीव्राच्या सूक्ष्म जागांवर तोलून असलेला राग घेतला असता तर विरोधकांचेच म्हणणे खरे ठरले असते. मग बँडसाठी पाश्चात्त्य स्वरलिपी करवून घेतली, बँडमास्तरांना हाताशी धरले आणि दिल्लीत सभासदांपुढे प्रात्यक्षिके केली. निर्णय मात्र केवळ संगीताचा नव्हताच. 24 जानेवारी 1950 रोजी राजेंद्रप्रसादांच्या निवेदनाने ‘जन गण मन’ राष्ट्रगीत झाले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. कृष्णराव हरले असे म्हणण्याची प्रथा आहे. संगीतापुरते पाहिले तर ते जिंकले होते. रागातली चाल पितळेला झेपते हे त्यांनी दाखवून दिले, आणि दीक्षितरांप्रमाणेच योग्य राग निवडून.

सरकारी बँडने पुढे हाच धडा गिरवला. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’ हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी स्तोत्र वर्षानुवर्षे शेवटाकडे वाजे. 2022 मध्ये ते वगळून सी. रामचंद्रांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेण्यात आले. लताबाईंनी 27 जानेवारी 1963 रोजी ज्या गाण्यात आवाजाच्या कंपाने सभा हलवली, त्याची चाल बँडवर संथ आणि सरळ वाजते. तो कंप तिथे नाही. जुने स्तोत्र मुळातच चार भागांत बांधलेले होते, म्हणून पितळेवर भरीव वाजे. नव्या गाण्याला तशी भरीव बांधणी मिळेपर्यंत ते मूळ आवाजाच्या आठवणीवर चालणार.

नेमकी हीच उणीव जिल्ह्याच्या बँडमध्येही आहे. सगळी पितळी वाद्ये एकच चाल एकाच ओळीत, फार तर वरच्या-खालच्या सप्तकात वाजवतात. आवाज मोठा होतो, खोली वाढत नाही. त्यात डीजेने लग्नाची सुपारी पळवली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाले, पण त्या नियमाचा लाभ बँडला मिळाला नाही, कारण बँडनेही तोवर गाडीवर कीबोर्ड आणि भोंगे चढवले होते. कीबोर्डवर नागीण एका बोटाने वाजते. कॉर्नेटवाल्याची तिथे गरज उरत नाही.

तयारी मात्र आहे. वाशीमच्या कुठल्याही चांगल्या पार्टीत दोन कॉर्नेट, एक युफोनियम, एक ट्रॉम्बोन आणि खर्जाचे एखादे वाद्य निघते. म्हणजे पंचक हाताशीच आहे. आरतीची चाल, दीक्षितरांचे नोट्टुस्वर, कृष्णरावांची झिंझोटी आणि नागीण एवढा कार्यक्रम दीड तासाचा होतो. लागते ते एकच: या चाली पाच स्वतंत्र ओळींत लिहून देणारा माणूस. संगीत विद्यालये, नाट्यगृहांच्या समित्या आणि गणेश मंडळे यांनी डीजेच्या एका रात्रीचा खर्च त्या माणसाकडे वळवावा.